तुर्काचे प्रश्न, नाथांची लेखणी



फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणला जाणारे तुमच्यात पुष्कळ असतील. गोदावरीकाठी दिंड्या उतरतात, नाथांच्या वाड्यात आणि समाधीपुढे रांगा लागतात, अष्टमीला काला होतो. त्या तीन दिवसांत नाथांचं भारुड कानावर पडलं नाही असा वारकरी सापडायचा नाही. विंचवाचं भारुड पोरांनाही पाठ असतं. भवानीचं लागलं की बायाबापड्या पदर सावरत हसतात. पण नाथांच्याच गाथेत एक मोठं भारुड आहे, साठाहून अधिक कडव्यांचं, आणि ते उभं करायला सोंगाडे जरा कचरतात. हिंदु-तुर्क संवाद हे त्याचं नाव. आज त्याचा इतिहास सांगायचा आहे. कारण आपला देव दुसऱ्या धर्माच्या माणसापुढे कसा मांडावा, आणि त्याचा देव त्याच्या तोंडून कसा ऐकावा, हा प्रश्न आज घराघरांत आला आहे; आणि नाथांनी तो सोळाव्या शतकातच हाती घेतला होता.

आधी काळ समजून घ्या. नाथांनी देह ठेवला शके १५२१ मध्ये, म्हणजे १५९९ साली. त्यांचं सगळं आयुष्य निजामशाहीत गेलं. अहमदनगरची ही गादी १४९० मध्ये उभी राहिली, आणि थोड्याच वर्षांत देवगिरीचा किल्लाही तिच्या हाती आला. यादवांची ती राजधानी, तिचं नाव केव्हाच दौलताबाद झालं होतं. नाथांच्या आधी अडीचशे वर्षं या मुलखात सुलतानी होती. तेव्हा नाथांच्या पैठणात मुसलमान शेजारी ही नवलाची गोष्ट नव्हती. बाजारात, नदीवर, सरकारी कामात रोजची गाठ. त्या काळी दख्खनेत मुसलमानाला सर्रास तुर्क म्हणत, मग तो कुठला का असेना. म्हणून संवादाच्या नावात तुर्क आहे.

आणि नाथांचे गुरू कोण? जनार्दनस्वामी. मूळचे चाळीसगावचे, देवगिरीचे किल्लेदार. चाकरी निजामशाहीची आणि अंतःकरणात दत्तात्रेय. किल्ल्याला शुक्रवारची सुट्टी असायची ती स्वामींसाठी गुरुवारी द्यायला लागले, अशी आपल्या परंपरेत कथा आहे. ही कथा आहे, दप्तरातला कागद नव्हे, एवढं ध्यानात ठेवा. पण ती आपल्याच लोकांनी प्रेमाने जपली आहे. पोरवयाचा एकनाथ अशा किल्ल्यावर वाढला. हिशेबातली एक पै सापडेना म्हणून रात्रभर दिवा जाळत बसला ती गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. ते हिशेब कसल्या भाषेत असतील? अर्ज, कौल, जाब, चिठ्ठी, सगळे दरबारी शब्द. म्हणून तर नाथांच्या भारुडांत अर्जदास्त आहे, जाबचिठ्ठी आहे, कौलनामा आहे. दरवेश आहे, फकीर आहे. देवगिरीहून दोन-तीन कोसांवर खुलदाबाद, तिथे चौदाव्या शतकापासून सूफींचे दर्गे. हे सगळं या माणसाने डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं होतं.

पुढे पैठणला आल्यावर नदीवर जाणाऱ्या नाथांवर एक यवन पुन्हा पुन्हा थुंकला आणि नाथ पुन्हा पुन्हा गंगास्नान करून आले, ही कथा आपण वर्षानुवर्षं सांगतो. शांतीची कथा म्हणून सांगतो. ती खरीच गोड आहे. पण मी म्हणेन, या कथेत नाथ गप्प आहेत. संवादात नाथ बोलतात. आणि गप्प राहण्यापेक्षा बोलणं कठीण असतं, महाराज.

आता संवादात चला. ओळी म्हणून दाखवत नाही, आशय सांगतो.

सुरुवातीलाच नाथ सांगून टाकतात की या दोघांना पोचायचं आहे एकाच ठिकाणी, भक्तीची तऱ्हा वेगळी. आणि लगेच भांडण लावून देतात. तुर्क हिंदूला काफर म्हणतो. हिंदू त्याला म्हणतो, लांब हो, विटाळ होईल. झालं! करकर सुरू. दोघांनी एकमेकांना दिलेली पहिली भेट ही शिवी आहे. इथे नाथ काही झाकत नाहीत. आपल्या माणसाच्या तोंडी गोड वाक्य आणि पलीकडच्याच्या तोंडी शिवी, असा सोयीचा हिशेब त्यांनी केलेला नाही. दोघेही तसेच, चौकात भेटतात तसे.

मग तुर्क प्रश्न घालतो, आणि तो घालतो आपल्या दख्खनी हिंदुस्थानीत. हिंदू उत्तर देतो मराठीत. एकाच भारुडात दोन भाषा. पण कोणी कोणाला म्हणत नाही की आधी माझ्या भाषेत ये, मग बोल.

प्रश्न कसले? ऐका. तुम्ही देवाला हातपाय आहेत म्हणता, हे कसं? देव सगळीकडे आहे तर दगडापुढे का वाकता? तुमचा ब्रह्मदेव आपल्या मुलीच्या मागे लागला, आणि त्याच्या तोंडचे वेद तुम्ही खरे मानता? तुमच्या देवाची बायको राक्षसाने पळवली, तो देव कसला? आणि मग सगळ्यांत झोंबणारा प्रश्न: तुम्ही आपसातच एकमेकांचं शिवलेलं खात नाही. एकाच्या पानातलं शीत दुसऱ्याच्या पानात पडलं तर गळा धरता. आणि देव सर्वांत आहे म्हणून सांगता?

माऊली, हे प्रश्न लिहिले कोणी? तुर्काने? नाही. पैठणच्या देशस्थ ब्राह्मणाने लिहिले. भानुदासांच्या पणतवाने लिहिले. ज्ञानेश्वरी शुद्ध करणाऱ्या आणि भागवताच्या एकादश स्कंधावर टीका रचणाऱ्या पुरुषाने लिहिले. आपल्या धर्मावर पलीकडचा माणूस जास्तीत जास्त काय घाव घालील, ते नाथांनी स्वतः बसून, नीट धार लावून मांडलं. लुटुपुटीचा तुर्क उभा करून त्याला दोन वाक्यांत लोळवायला त्यांना कोण अडवणार होतं? लेखणी त्यांची, श्रोते त्यांचे. टाळी हमखास होती.

मी इतकी वर्षं कीर्तन करतोय. टाळी कशाने मिळते ते मला पुरतं ठाऊक आहे. दुसऱ्याच्या नमाजाची नक्कल केली, दुसऱ्याच्या देवळात काय चालतं त्यावर एक चुटका टाकला, की मंडप हसतो. फार सोपं आहे ते. टाळकरीसुद्धा खूश. पण ज्याची नक्कल केली तो मंडपात नसतो, आणि असला तर खाली मान घालून बसतो, आणि घरी जाऊन मुलांना सांगतो की त्या लोकांचं कीर्तन म्हणजे असं असतं. विठोबाचं नाव अशा रीतीने त्याच्या कानावर जातं. नाथांनी केलं नेमकं याच्या उलट. पलीकडचा माणूस समोर बसला असता तर म्हणाला असता, होय, मला हेच विचारायचं होतं. एवढी खूण पटल्याशिवाय त्यांनी उत्तराला हात घातला नाही.

आणि उत्तरं मुळमुळीत आहेत असं समजू नका हं! हिंदूही चांगला तावातावाने बोलतो. देव सगळीकडे आहे म्हणतोस, तर पश्चिमेकडे तोंड करून हाक का मारतोस? बाकीच्या दिशा रिकाम्या आहेत का? ब्रह्मदेवाची गोष्ट काढलीस, तर तुमच्या बाबा आदमची गोष्ट काय सांगते? त्याच्या कुशीतून निघालेली हव्वा त्याचीच बायको झाली ना? म्हणजे हिंदूला पलीकडच्यांच्या पुराणकथा माहीत आहेत. अडाणीपणाने थट्टा करायची म्हणून तो बोलत नाही, तू वाचतोस त्याच पोथीत पाहा म्हणतो. आणि मग तो विचारतो, हिंदूला धरून मुसलमान करता. म्हणजे देवाने हिंदू घडवला ती त्याची चूक झाली का? देवापेक्षा तुम्ही शहाणे? चारशे वर्षांपूर्वी, सुलतानी मुलखात, जबरीच्या धर्मांतरावर इतकं उघड बोलणारं भारुड आहे हे. तेव्हा आदर म्हणजे मान तुकवून गप्प बसणं, असं म्हणणाऱ्याने हे कडवं वाचावं.

पण तुर्काच्या एका प्रश्नापाशी मी नेहमी थबकतो. शिवाशिवीचा प्रश्न. त्याला सोडवून टाकणारं चलाख उत्तर नाथांनी हिंदूला दिलेलं नाही. देतील कसे? अस्पृश्याच्या घरी जेवणारे नाथ, त्यांना ते पटलेलंच होतं! आपल्या घरातली घाण पाहुण्याने दाखवली म्हणून पाहुण्याशी भांडायचं नाही, घर झाडायचं. तुर्काच्या तोंडून नाथ आपल्याशीच बोलत होते, असं मला तरी वाटतं.

शेवट कसा होतो? कोणी हरत नाही. हिंदू म्हणतो, स्वामी, खरं आहे, वस्तूच्या ठिकाणी जात नाही, धर्माची वाटणी नाही. तुर्क म्हणतो, खरी गोष्ट, खुदाला जात नाही. आणि तो आपल्या रसूलाचा दाखला देतो. बघा, हिंदू 'वस्तू' म्हणतो, तुर्क 'खुदा' म्हणतो. एकाने दुसऱ्याची भाषा पांघरली नाही. हिंदू मुसलमान झाला नाही, तुर्काने तुळशीची माळ घातली नाही. मग दोघांनी एकमेकांना नमस्कार केला आणि मिठी मारली. भांडण कशासाठी केलं, तर अजाणांना जाग यावी म्हणून, असं त्यांनीच एकमेकांना सांगितलं.

तुम्ही म्हणाल, महाराज, सगळे धर्म सारखेच, मग भांडायचं कशाला? तर असं आहे: सगळं सारखंच, हे वाक्य नाथांनी साठ कडवी भांडल्यावर मिळवलं आहे. आपण ते पहिल्याच घोटाला बोलून मोकळे होतो, कारण दुसऱ्याचं ऐकण्याचा कंटाळा असतो. सगळं एकच आहे म्हणून टाकलं की त्याच्या रोजात काय आहे, त्याच्या क्रुसात काय आहे, विचारायला नको. हाही एक प्रकारचा अनादरच.

नाथांच्या मागे अडीचशे वर्षांनी मुंबईत काय घडलं, तेही सांगतो. इंग्रजी राज्य आलं होतं. मिशनरी रस्त्यावर उभे राहून हिंदूंच्या देवांवर बोलत, आणि लोक ऐकून घेत. तेव्हा विष्णुबुवा ब्रह्मचारी पुढे आले. मूळ नाव विष्णु भिकाजी गोखले, जन्म १८२५चा. सरकारी कस्टम खात्यातली नोकरी टाकून सप्तशृंगीला तप करून आलेला तरुण. १८५७च्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत मुंबईच्या समुद्रकिनारी आठवड्याच्या आठवड्याला वाद रंगला. एका बाजूला बुवा, दुसऱ्या बाजूला मिशनरी. त्यांत अमेरिकेहून आलेले जॉर्ज बोवेन होते. हे बोवेनही साधे गृहस्थ नव्हेत. मिशनचा पगार सोडून मुंबईच्या देशी वस्तीत गरिबीने राहिले, आणि १८८८ मध्ये मुंबईतच गेले.

वाद कडक झाले. बुवांची जीभ तिखट, आणि मिशनरीही मऊ बोलत नसत. मिठी वगैरे कोणी मारली नाही. नाथांच्या संवादाची उंची त्या वाळूवर कोणाला साधली, असं मी म्हणणार नाही. पण दोन गोष्टी मला त्यात मोलाच्या वाटतात. एक, आज भांडलेले लोक पुढच्या आठवड्याला त्याच जागी पुन्हा येत, मागचा धागा पुढे धरत. दुसरी, दोन्ही बाजूंनी हा वाद लिहून छापला. बोवेन यांनी त्याच वर्षी इंग्रजीत, बुवांच्या बाजूने पुढे मराठीत. त्या पुस्तकांत दुसऱ्याची बाजूही आली. आपल्याला हवं तसं कापून आलेली असेल, तरी आली. आज मोबाइलवर पलीकडच्याचं अर्धं वाक्य कापून फिरवतात, त्यापुढे ते लोक फार बरे होते. त्याच मे महिन्यात उत्तरेत शिपायांचं बंड उठलं, आणि समुद्रकिनारीचे वाद तिथेच संपले.

आता तिसरी गोष्ट. ही काहींना रुचणार नाही, पण ऐका. वाद किनाऱ्यावर असतो तोवर ठीक असतं हो. वाद घरात आला तर? नारायण वामन टिळक, १८६१चा जन्म, ब्राह्मण घरातले, कवी, कीर्तनकार. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला. पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा माहेरच्या माणसांत होत्या. त्यांच्यावर आभाळ कोसळलं. त्यांनी काही काळ आपल्या पंढरपुरातच काढला, पांडुरंगाच्या गावात. नवरा परधर्मात, पदरी मूल, आणि लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार! पुढे त्या टिळकांकडे गेल्या तेव्हाही आपला धर्म, आपलं सोवळंओवळं घेऊनच गेल्या. एका संसारात दोन धर्म. टिळक तापट होते, विसरभोळे होते, हे लक्ष्मीबाईंनीच आपल्या 'स्मृतिचित्रे'त हसत हसत लिहून ठेवलं आहे. पण बायकोच्या श्रद्धेवर त्यांनी नवरेपणाचा हक्क चालवला नाही. लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी, १९०० मध्ये, आपल्या विचाराने बाप्तिस्मा घेतला.

वारकऱ्याला हा शेवट कडू लागेल. मला त्या शेवटाबद्दल बोलायचंच नाही. त्या पाच वर्षांबद्दल बोलायचं आहे. ज्या काळी नवऱ्याने हुकूम केला की बायकोने मानायचा, त्या काळात एका माणसाने पाच वर्षं वाट पाहिली, आणि एका बाईने पाच वर्षं आपलं मन कोणाच्या हाती दिलं नाही. आणि दुसरं ऐका: टिळक स्वतः सांगत की आपण ख्रिस्तापाशी पोचलो ते तुकोबांचा पूल ओलांडून. धर्म बदलल्यावरही त्यांनी तुकोबांना टाकून बोललं नाही. उलट अभंग आणि कीर्तन आपल्या नव्या देवळात नेलं, टाळ-तबल्यावर भजनं गायला लावली. नगरकडच्या ख्रिस्ती मंडळींत मराठी भजन रुजलं त्यात टिळकांचा वाटा मोठा आहे. जी वाट सोडली तिच्याविषयी इतकं कृतज्ञ राहणारी माणसं थोडीच असतात. आपल्याकडे तर एक फड सोडून दुसऱ्या फडावर गेलेला माणूस पहिल्या महाराजांना किती बोल लावतो ते तुम्ही पाहताच.

तेव्हा आता आपल्याकडे या. आषाढीच्या वाटेवर चालताना गावोगावी सगळ्या जातिधर्मांची माणसं पाणी घेऊन उभी असतात. कोणी चहा देतो, कोणी पायाला तेल लावतो. त्यांतला कोणी विचारतो, काका, एवढं चालून काय मिळतं? आपण काय करतो? एक तर, तुला नाही कळायचं, म्हणून पुढे निघतो. नाहीतर कलियुगाचं पुराण लावतो. अरे, तो विचारतोय! थांबा, बसा त्याच्या ओट्यावर घटकाभर. तुम्हाला काय मिळतं ते तुमच्या शब्दांत सांगा. ग्रंथातलं पाठ केलेलं नको, तुमच्या गुडघ्यांनी आणि टाचांनी काय सोसलं आणि कळस दिसल्यावर काय झालं ते सांगा. आणि मग त्याला विचारा, भाऊ, तुम्ही रोजा धरता तेव्हा दुपारी तीनला कसं वाटतं? संध्याकाळी पहिला घोट कसा लागतो? एकादशी करणाऱ्याला ते उत्तर समजायला वेळ लागणार नाही. त्याचं उत्तर मात्र मध्येच तोडून 'आमच्यातही असंच असतं' म्हणू नका. त्याचं पूर्ण होऊ द्या.

आणि त्याने अवघड प्रश्न विचारला तर? मूर्तीचा, जातीचा, बडव्यांचा? चिडू नका. चिडायचंच असेल तर नाथांवर चिडा, कारण तो प्रश्न त्याच्या आधी नाथांनी लिहून ठेवला आहे. येत असेल ते उत्तर द्या. येत नसेल तर म्हणा, हे मी आमच्या महाराजांना विचारून येतो, पुढच्या वारीला सांगतो. आणि पुढच्या वारीला खरोखर त्याच ओट्यावर जा.

घरी नाथांची गाथा असेल तर भारुडांचा भाग काढा. हिंदु-तुर्क संवाद सापडेल. तो एकट्याने मनात वाचू नका. दोघांनी बसा, नवराबायको, बापलेक, सासूसून, कोणीही. एकाने हिंदूचं म्हणायचं, एकाने तुर्काचं. काही शब्द जुने आहेत, अडतील. दख्खनी बोली तर मोठ्याने म्हटल्यावरच कळते. कडवट वाटतील ती कडवी गाळू नका, नाथांनी गाळली नाहीत. एकदा संपलं की वाटे बदला, ज्याने हिंदूचं म्हटलं त्याने तुर्काचं घ्या, आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणा.

रामकृष्णहरी.